सिसिलीच्या बागेतली सावर

मागच्या वर्षी सप्टेंबरात आमच्या घरात एकच विषय होता, राणीसावरगावची जमीन विकायची की ठेवायची. गंगाखेड तालुक्यातले हे आमचे गाव. बाहेरचे लोक त्याला रेणुकादेवीच्या मंदिरामुळे ओळखतात, आम्ही अब्बांच्या विहिरीमुळे. अब्बांनी मागे ठेवलेले चार एकर, त्यात दगडी बांधणीची विहीर आणि तिच्या काठाला चौकोनी हौद. विहीर कित्येक वर्षांपासून गाळाने भरलेली. पावसाळ्यात डबके, उन्हाळ्यात तेही नाही. आम्ही दोघे नोकरीनिमित्त परभणीत स्थायिक झालो, मुले त्याहून लांब गेली. रस्त्यालगतची जमीन म्हणून प्लॉट पाडणारे गिऱ्हाईक घरी येऊन बसू लागले. थोरले भाऊ म्हणाले, "विसार घेऊन टाकू. कोण कसणार आहे आता?" आम्हीही मनातून हो म्हटले होते. "लेकीकडे जाऊन येतो, मग कागद करू," एवढेच सांगून निघालो.

लेक आणि जावई इटलीत मिलानला असतात. ऑक्टोबरात नातीला शाळेतून आठवडाभर सवड मिळणार होती. जावई म्हणाले, "अब्बा, रोम आणि व्हेनिस सगळेच बघतात. आपण सिसिलीला जाऊ. तिथे तुमच्या ओळखीचे पुष्कळ निघेल." भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर आमच्या ओळखीचे काय निघणार, हे तेव्हा कळले नाही.

मिलानहून रात्रीच्या गाडीने निघालो. सकाळी इटलीचे टोक आले आणि पुढे समुद्र. गाडी थांबली, डबे सुटे केले आणि एकामागून एक जहाजाच्या पोटात ढकलले. आम्ही रेल्वेच्या डब्यातून उतरून जिना चढलो तो थेट जहाजाच्या डेकवर. नात टाळ्या पिटत होती आणि खरे सांगायचे तर आम्हीही तिच्याइतकेच चकित होतो. मेसिनाची ही सामुद्रधुनी अगदी अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर आहे. ११८४ च्या डिसेंबरात हजहून परतणारे अंदलुसचे प्रवासी इब्न जुबैर यांचे जहाज इथेच मेसिनाच्या किनाऱ्याजवळ फुटले. गरीब मुसलमान प्रवाशांना किनाऱ्यावर आणणाऱ्या नावाड्यांचे पैसे सिसिलीच्या ख्रिस्ती राजाने, दुसऱ्या विल्यमने दिले, असे इब्न जुबैर यांनी आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. आम्ही डेकवर उभे राहून त्या सगळ्यांसाठी दुआ केली.

सिसिली हे भूमध्य समुद्रातले सर्वांत मोठे बेट. ८२७ मध्ये मुसलमानांची फौज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून बेटाच्या पश्चिमेला मझारा इथे उतरली. तिचे नेतृत्व कैरवानचे काझी असद इब्न अल्-फुरात यांच्याकडे होते. ते इमाम मालिक यांचे शिष्य आणि फिकहचे मोठे विद्वान. वय झालेले असूनही ते निघाले आणि पुढच्याच वर्षी वेढ्यात असताना वारले. ८३१ मध्ये पालेर्मो शहर मुसलमानांच्या हाती आले. १०७२ मध्ये नॉर्मन सरदारांनी ते परत घेतले. मधली सुमारे अडीचशे वर्षे पालेर्मो हे मुसलमानांच्या सत्तेतले भरभराटीचे शहर होते.

कातानियात उतरून जावयांनी गाडी भाड्याने घेतली. डावीउजवीकडे कुठेही पाहा, एटना ज्वालामुखी दिसतो. वर थोडा धूर, खाली काळी माती. आपल्याकडची काळी रानेही लाव्हाच्याच खडकाची, फक्त आपला ज्वालामुखी विझून कोट्यवधी वर्षे झाली. त्या काळ्या उतारावर पिस्त्याच्या बागा, पायथ्याला लाल गराच्या संत्र्यांच्या. एटनाचे जुने नाव मोंजिबेल्लो. त्यातले 'मोन' म्हणजे त्यांच्या भाषेत डोंगर आणि 'जिबेल्लो' म्हणजे अरबी 'जबल', तोही डोंगरच. दोन भाषा बोलणाऱ्यांनी मिळून त्याला डोंगर-डोंगर करून टाकले आहे.

बेटाच्या मधून जाताना रस्त्यावरच्या पाट्या वाचण्याचा आम्हाला नादच लागला. काल्तानिसेत्ता, काल्ताजिरोने, कालाताफिमी. या सगळ्यांच्या सुरुवातीला अरबी 'कलआ' आहे, ज्याचा आपल्या मराठीत 'किल्ला' झाला. पालेर्मोजवळ मिझिल्मेरी नावाचे गाव आहे, म्हणजे 'मंझिल अल्-अमीर'. पश्चिम टोकाच्या मार्साला गावाच्या नावात 'मर्सा', म्हणजे बंदर. नात म्हणाली, "नाना, इथल्या पाट्या तुम्हाला वाचता येतात, मला नाही!"

प्रवासात खाण्याची अडचण आली नाही, पण विचारून खावे लागते. पावात आणि मिठाईत डुकराची चरबी असू शकते, म्हणून लेक प्रत्येक ठिकाणी आधी चौकशी करी. मासे मुबलक. बेसनाच्या पातळ वड्या तळून पावात घालून देतात, त्यांना पानेल्ले म्हणतात. पहिला घास घेताच घरची आठवण झाली. त्रापानीच्या बाजूला रव्याचा कुसकुस माशांच्या रश्शाबरोबर वाढतात. तोही ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरून आलेला.

तिसऱ्या दिवशी अॅग्रिजेंतोला पोचलो. इथली ग्रीकांची देवळे अडीच हजार वर्षांची. लोक त्यांच्यासाठी येतात. आम्हीही पाहिली, पण आमचा जीव रमला तो देवळांच्या खालच्या दरीतल्या बागेत. तिचे नाव कोलिंबेत्रा. ग्रीकांनी तिथे मोठे तळे खोदले होते. ते बुजले आणि त्या गाळाच्या जमिनीत पुढे लिंबू-संत्र्याची बाग झाली. मग बाग कसणारे पांगले, काटेरी झुडपे माजली. १९९९ मध्ये एका वारसा संस्थेने ती ताब्यात घेऊन साफ केली. आज डोंगराच्या पोटातल्या जुन्या भुयारांतून झिरपणारे पाणी पुन्हा बागेला मिळते.

बाग दाखवणाऱ्या मुलीने एक चौकोनी दगडी हौद दाखवला. म्हणाली, याला 'जेब्बिया' म्हणतात. अरबी 'जाबिया', पाणी साठवायची जागा. त्या हौदातून पाट निघतो, पाटाला 'साया' म्हणतात, अरबी 'साकिया'. पाट झाडाच्या आळ्यापर्यंत जातो. पाणी उपसायच्या चाकाला 'सेनिया', म्हणजे आपले रहाटगाडगे. माळ्याने पाटाच्या तोंडाशी फावड्याने मातीचा बांध फोडला, पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात गेले. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. हे तर अब्बांचेच दारे धरणे. तसाच हौद, तसाच पाट. मराठीतला 'हौद' हा शब्दसुद्धा अरबीच, 'हौज'. अब्बा त्याच हौदावर वुजू करून बांधावर नमाज पढत आणि मग पाटाला पाणी सोडत.

त्या संध्याकाळी गावातल्या घरांच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या मोजत बसलो. २०२४ मध्ये सिसिलीत मोठा दुष्काळ पडला. अॅग्रिजेंतोत पाणी पाळीने सुटत होते आणि टँकर फिरत होते. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस आमच्या भागात कोण विसरेल? पाण्याची चिंता असलेल्या माणसाची नजर सगळीकडे सारखीच असते. ती आधी गच्चीकडे जाते.

मझाराच्या जुन्या मोहल्ल्याला आजही कस्बा म्हणतात. तिथे ट्युनिशियातून आलेल्या कोळ्यांची घरे आहेत. तिथून पालेर्मो. शहराच्या वर डोंगरावर मोनरेआले नावाचे गाव आहे, तिथल्या प्रसिद्ध चर्चच्या आवारातून खाली सगळे खोरे दिसते. या खोऱ्याला 'सोन्याची वाटी' असे म्हणत, कारण डोंगरापासून समुद्रापर्यंत लिंबू आणि संत्र्यांच्या बागाच बागा होत्या. आम्हाला दिसल्या त्या इमारती. १९५० आणि ६० च्या दशकांत बिल्डर, पुढारी आणि माफिया यांनी मिळून या बागा तोडल्या आणि तिथे सिमेंटच्या रांगा उभ्या केल्या. पालेर्मोचे लोक त्याला शहराची लूट म्हणतात. जावई हे सांगत होते आणि आम्ही गप्प होतो. आमच्या पिशवीतल्या फोनमध्ये राणीसावरगावच्या गिऱ्हाइकाचे दोन निरोप आलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनस्पती उद्यानात गेलो. समुद्रापासून जवळच, पालेर्मो विद्यापीठाचे हे उद्यान सुमारे पंचवीस एकरांचे आहे. १७८९ मध्ये काम सुरू झाले, १७९५ मध्ये ते खुले झाले. दारातून आत शिरले की ग्रीक धाटणीची खांबांची इमारत. ती लिओं द्युफुर्नी या फ्रेंच वास्तुकाराने आखली. सगळ्यांत जुन्या भागात झाडे लिनियस या शास्त्रज्ञाने लावलेल्या वर्गवारीप्रमाणे वाफ्यांत लावली आहेत. पुढे एक गोल हौद आहे, आत वर्तुळे आखून कप्पे केलेला. त्यात कमळे. नातीला कमळ ओळखता आले याचा आम्हाला फार आनंद झाला.

लिंबूवर्गीय झाडांच्या वाफ्यापाशी पाट्या वाचत थांबलो. इटालियन भाषेत संत्र्याला 'अरांचा' म्हणतात. अरबीत 'नारंज', फारसीत 'नारंग', आणि मुळात संस्कृतातले 'नारंग', आपले नारिंग. लिंबाचा 'लिमोने' अरबी 'लैमून' मधून आला. साखरेचा 'झुक्केरो' अरबी 'सुक्कर' मधून, आणि त्याच्या मुळाशी आपली शर्करा. कडू नारिंग, लिंबू, ऊस, कापूस ही पिके अरबांच्या काळात सिसिलीत रुजली. नारिंगाच्या फुलाला इथे 'झागारा' म्हणतात, तेही अरबी 'झहर', फूल. आपण ज्याला नागपुरी संत्रे म्हणतो त्याच्या जातीचे मँडरिन मात्र इथे उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले.

म्हणजे आमच्याच बाजूची रोपे कुण्या शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या सामानातून इराण, इराक, मिसर, ट्युनिशिया करत इथे आली. त्यांची नावे कुठल्या तवारीखमध्ये नाहीत. पण आम्हाला त्यांची आठवण राजांपेक्षा जास्त आली.

एका वाफ्यात कापूस होता. परभणीच्या माणसाला कापूस दाखवणे म्हणजे काय सांगावे! आमच्या परभणीतही मेहबूब बाग नावाच्या जागी कापूस संशोधन केंद्र आहे. इथल्या कापसाची गोष्ट मात्र वेगळी निघाली. १९१३ मध्ये या उद्यानाला जोडून वसाहतींसाठीची बाग काढली होती. दोन वर्षांपूर्वीच इटलीने लिबियावर हल्ला केला होता. तिथल्या जमिनीत कोणती नगदी पिके येतील, याचे प्रयोग असल्या बागांत होत. त्याच लिबियात १९३१ मध्ये उमर मुख्तार यांना फाशी दिले गेले. झाड निरागस असते. ते कुणाच्या हातात आहे यावर पुढचे ठरते.

उद्यानाच्या एका टोकाला एक महाकाय वृक्ष आहे. १८४५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूने आणलेला, वडाच्या जातीतला. फांद्यांवरून उतरलेली मुळे जमिनीत जाऊन त्यांचे खांब झालेले. पर्यटक आश्चर्याने फोटो काढत होते. आम्ही मात्र पारंब्यांचा वड आयुष्यभर पाहिलेला. आम्ही त्याच्याखाली चवाळे पसरावे तशी चादर पसरून बसलो आणि डबा काढला.

डबा खाऊन उठलो तेव्हा नात पळत आली. "नानी, इकडे या, काटेवाले झाड!" एका वाटेच्या दोन्ही बाजूंना जाड पोटाची, बाटलीच्या आकाराची झाडे होती. बुंध्यावर टोकदार काटे. वर गुलाबी फुलांचा बहर. लेक म्हणाली, "अम्मी, ही आपली सावर वाटते ना?"

पाटी वाचली. झाड दक्षिण अमेरिकेचे. आपली काटेसावर वेगळी, तिला होळीच्या सुमारास लाल फुले येतात. पण दोन्ही एकाच कुळातली, आणि कापूससुद्धा त्याच मोठ्या कुळातला. दोन्हीच्या बोंडांतून पांढरी शेवरी उडते, जी सूत कातायला चालत नाही पण उशीत भरायला चालते. आमच्या अम्मीने लेकीच्या पाळण्यासाठी उशी केली होती ती सावरीचीच. अब्बांच्या विहिरीच्या वर, बांधावर काटेसावरीचे एक झाड आहे. आमच्या गावाच्या नावातले 'सावर' ऐकले की आम्हाला नेहमी तेच झाड आठवते. जमिनीचे प्लॉट पाडायचे म्हणजे ते झाड आधी जाणार, हे तोवर आमच्या मनातच आले नव्हते.

आम्ही दोघे त्या वाटेवरच्या बाकावर बराच वेळ बसलो. काहीच बोललो नाही.

त्या दिवशी जुमा होता. पालेर्मोच्या जुन्या भागात, बाजारामागच्या अरुंद गल्लीत मशीद आहे. ही इमारत पूर्वी चर्च होती, आणि चर्चही कुणाचे, तर माळ्यांच्या संघाचे. ओस पडलेले ते चर्च १९९० मध्ये मशिदीसाठी देण्यात आले. बागवानांच्या त्या जागेत ट्युनिशियन, बांगलादेशी आणि आम्ही असे खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. बाहेर एका बांगलादेशी दुकानदाराने "इंडिया?" असे विचारून हलाल गोश्ताच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

संध्याकाळी कॅथेड्रल पाहिले. त्याच्या दरवाजाजवळच्या एका खांबावर कुरआनातील सूरह आराफची आयत कोरलेली आहे. जुन्या मशिदीचा म्हणतात तो खांब चर्चच्या बांधकामात वापरला गेला आणि आयत तशीच राहिली. ९७३ च्या सुमाराला आलेले इब्न हौकल यांनी पालेर्मोत तीनशेहून अधिक मशिदी असल्याचे लिहिले आहे. त्यांतली एकही आज मशीद म्हणून उभी नाही. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने उरलेल्या मुसलमानांना मुख्य भूमीवरच्या लुचेरा इथे हलवले आणि १३०० मध्ये ती वस्तीही मोडली गेली. ज्यांनी जमीन तलवारीने घेतली, त्यांच्याकडून ती तलवारीनेच गेली.

पण लिंबू राहिले. हौद राहिला, पाट राहिला. शहराखाली पाण्यासाठी खोदलेली भुयारे आजही आहेत, त्यांना 'कनात' म्हणतात. आपल्या लग्नातली कापडी कनात वेगळी! मलिक अंबर यांनी सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर-ए-अंबरी आणली ती याच विद्येने. सूरह रअदमध्ये अल्लाहने पुराच्या पाण्याचा दाखला दिला आहे. फेस वर येतो आणि निघून जातो, लोकांच्या उपयोगाचे असते ते जमिनीत टिकते. ही आयत आम्ही कितीदा ऐकली असेल. तिचा अर्थ डोळ्यांनी पाहिला तो सिसिलीत.

घरी परतलो तेव्हा भाऊंनी विचारले, "काय ठरले?" आम्ही म्हटले, "एक उन्हाळा थांबू या." ते नाराज झाले आणि त्यात त्यांचेही चुकत नाही. त्यांना नातवाच्या शिक्षणासाठी पैसा हवा आहे. त्यांच्या वाट्याची रक्कम आम्ही हप्त्याने द्यायचे कबूल केले आहे. ते सोपे नाही, आमची पेन्शन काही मोठी नाही.

एप्रिलात विहिरीतला गाळ काढला. गाळ शेतातच पसरला. हौदाच्या भिंतींना डागडुजी केली. पावसाळ्यानंतर विहिरीत दोन परस पाणी आले. फार नाही, पण आहे. हौदाजवळ कागदी लिंबाची सहा रोपे लावली, त्यातली दोन गेली, चार धरली. सावर जागेवर आहे. तिच्यावर पक्षी बसतात. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तरी ते त्याच्यासाठी सदका असते, असे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. अब्बांच्या खात्यावर त्या सावरीचे किती जमा झाले असेल, हे अल्लाहलाच ठाऊक.

मागच्या आठवड्यात नातीचा व्हिडिओ कॉल आला. तिला सिसिलीतले काटेवाले झाड आठवत होते. आम्ही फोन बांधावर नेला आणि आपली सावर दाखवली. ती म्हणाली, "हिच्यावर फुले कुठे आहेत?"

"होळीच्या सुमाराला येतील, इन्शाअल्लाह," आम्ही म्हटले. "तेव्हा तू इकडे ये."